एअर रायफलच्या सरावासाठी पडणारे आणि दोरीने पुन्हा उभे राहणारे लक्ष्य

मळेकरी (प्रश्न)
नमस्कार. माझी कन्या ४.५ मिमीच्या एअर रायफलने १० मीटरवर सराव करते. नाशिकच्या मखमलाबाद परिसरात आमच्या घरामागे पुरेशी मोकळी जागा असून तिच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. दर काही छऱ्यांनंतर उठून कागद बदलावा लागतो आणि त्यात तिची एकाग्रता मोडते, म्हणून छर्रा लागताच मागे पडणारे आणि बसल्या जागेवरून दोरी ओढताच उभे राहणारे लक्ष्य करावे असे ठरवले. सातपूरला एका वेल्डरकडून ५ मिमी जाडीच्या, ७५ मिमी व्यासाच्या लोखंडी चकत्या कापून घेतल्या आणि खाली बिजागरी बसवली. छर्रा लागल्याचा आवाज नीट येतो, परंतु चकती किंचित हलते आणि पुन्हा जागेवर येते. बिजागरी बदलावी काय?

लेथवाला
बिजागरीला दोष देऊ नका, दोष वजनाचा आहे. आपली चकती साधारण १७० ग्रॅमची होते आणि छर्रा असतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने आला तरी एवढ्या वजनाला उलथवण्यास त्याचा जोर कमी पडू शकतो. ३ मिमीच्या प्लेटमधून ५० मिमीची चकती कापलीत तर ती ४६ ग्रॅमच्या आसपास येईल. दुसरी बाब कलाची: उभी असताना चकती पुढच्या अडणीवर (तिला पुढे पडू न देणाऱ्या आधारावर) जितकी जास्त झुकलेली असेल, तितकी ती पाडणे अवघड जाते. म्हणून अडणीच्या जागी नट बसवून त्यात लांब स्क्रू घाला आणि चकती जेमतेम पुढे टेकेल इतपतच तो फिरवा.

निवृत्त प्रशिक्षक
वरील सूचना योग्य आहे. तथापि चकती उघडी ठेवू नये. फील्ड टार्गेट या एअर रायफलच्या मैदानी नेमबाजी प्रकारात पुढे भोक पाडलेली पट्टी आणि भोकामागे पडणारी चकती अशी रचना असते, त्यामुळे नेम चुकलेला छर्रा बिजागरीवर किंवा दोरीवर न बसता पट्टीवर चपटा होतो. बायथलॉनमध्येही (बर्फावरील स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांची एकत्र स्पर्धा) ५० मीटरवर पाच काळी वर्तुळे असतात, झोपून मारताना ४५ मिमीची आणि उभ्याने ११५ मिमीची, आणि दोरीने पूर्ववत करता येणारी लक्ष्ये तेथेही वापरली गेली आहेत. पट्टीचा वरचा काठ नेमबाजाकडे थोडा झुकवावा, म्हणजे शिशाचे तुकडे खाली जमिनीकडे जातात. पोलादी गोळ्या अशा लक्ष्यावर कधीही मारू नयेत, कारण त्या उसळून सरळ मागे येतात. शिशाचे छर्रे वापरतानाही कन्येने आणि शेजारी उभ्या असणाऱ्या प्रत्येकाने संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. खाली साचलेले शिसे उचलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

आणखी एक, कदाचित न आवडणारी गोष्ट. १० मीटर रायफलच्या कागदावरील दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो, तर आपली चकती 'लागले' किंवा 'चुकले' एवढेच सांगते. छर्रे डावीकडे जात आहेत की खाली, हे कागदाखेरीज कळत नाही. म्हणून चकतीला सरावाचा शेवटचा भाग द्यावा, पहिला नव्हे.

मळेकरी
आपणा दोघांचे आभार. ३ मिमीच्या चकत्या कापून घेतल्या आणि ओढण्यासाठी दोरीऐवजी द्राक्षमांडवाची उरलेली तार वापरली, कारण नायलॉनची दोरी उन्हात ताणली जाऊन ऐनवेळी ढिली पडत होती. काल सकाळी चकत्या पहिल्याच छऱ्याला पडल्या. दुपारी मात्र वारा सुटला आणि त्या छर्रा न लागताच पडू लागल्या. आता चकत्या थोड्या अधिक पुढे झुकाव्यात म्हणून अडणीचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला आहे आणि कागदाची चौकट तिच्या मूळ जागी पुन्हा लावली आहे.