हाताच्या दुखापतीनंतर कामगाराला पुन्हा रुजू करून घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी प्रेस विभागाचा पर्यवेक्षक आहे. आमच्या एका जुन्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये सापडली होती. राज्य कामगार विमा योजनेतून त्यांना वेतनाच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळाला आणि आता ते कामावर परतत आहेत. त्यांना अजून शर्टाचे बटण लावता येत नाही, पण पत्र्यावरची केसाएवढी चीर ते नुसत्या नजरेने ओळखतात, म्हणून तपासणी विभागात सुरुवातीला चार तास आणि पुढे हळूहळू पूर्ण पाळी, असा प्रस्ताव मला द्यायचा आहे. एवढ्या कसबी माणसाला गेटवर बसवणे मला पटत नाही. असा प्रस्ताव कोणी दिला असल्यास त्याचा मसुदा कृपया पाठवावा. प्रेसच्या आवाजाने ते अजून दचकतात, त्यावरही मार्ग सुचवावा.