ओव्हरपासवर चालणारे नकाशाचे पान: ४२९, ५०४, अर्धी यादी आणि शोधात न सापडणारे कऱ्हाड

माणगंगा_नकाशे
ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही संपादता येणाऱ्या नकाशातल्या कुठल्या गावा-शहरांना ‘नेम:एमआर’ (मराठी नाव) टॅग आहे (हिरवा ठिपका) आणि कुठल्यांना नाही (लाल), हे दाखवणारे पान लीफलेट या वेब-नकाशांच्या लायब्ररीत केले आहे. पान उघडले की ब्राउझरमधून थेट ओव्हरपासला (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा शोधून देणारी सेवा) क्वेरी जाते. सातारा जिल्हा नीट येतो. अख्खा महाराष्ट्र मागितला की कधी ४२९, कधी ५०४ असा त्रुटीचा कोड येतो. कधी २०० (यशाचा कोड) येतो, पण यादी अर्धीच! शिवाय शोधखिडकीत ‘कऱ्हाड’ टाइप केले की काहींना सापडते, काहींना नाही. सर्व्हर भाड्याने घ्यायचा नाही. काय बदलू?

टाइलघर
४२९ म्हणजे तुमच्या आयपी पत्त्याला एका वेळी मिळणारे क्वेऱ्यांचे स्लॉट भरले. ५०४ म्हणजे सर्व्हरवरच गर्दी. दोन्ही वेळा लगेच पुन्हा विचारू नका, थांबून विचारा. खरा धोका त्या २०० मध्ये आहे. क्वेरीची वेळ किंवा मेमरी मध्येच संपली तरी ओव्हरपास २०० देऊ शकतो आणि उत्तराच्या जेसन डेटात फक्त ‘रिमार्क’ नावाची ओळ जोडतो. ती तपासली नाही तर अर्धी यादी पूर्ण समजून दाखवली जाते.

गावांची नावे तासातासाला बदलत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाचकामागे क्वेरी नकोच. रात्री एकदा स्क्रिप्ट चालवा: ३६ जिल्हे, ३६ क्वेऱ्या, एकामागून एक, मध्ये थोडी विश्रांती. जिल्ह्याच्या रिलेशनच्या (नकाशातल्या सीमेच्या नोंदीच्या) क्रमांकात ३६०००००००० मिळवले की क्वेरीत लिहायचा एरियाचा (क्षेत्राचा) क्रमांक मिळतो. क्वेरीत ‘आउट सेंटर’ लिहा, नाहीतर ‘वे’ म्हणून (बिंदूऐवजी रेषेने) काढलेल्या वस्त्यांना अक्षांश-रेखांशच येणार नाहीत. यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीत) टूलचे नाव आणि संपर्काचा ईमेल द्या.

आलेला डेटा आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा. रिमार्क नसेल आणि गावांची संख्या कालच्यापेक्षा एकदम घटलेली नसेल, तरच जुन्या फाइलच्या जागी ठेवा. डेटा कधीचा आहे ते जेसनमधल्या ‘टाइमस्टॅम्प ओएसएम बेस’वरून कळते, ते पानावर ठळक दाखवा. आपण दुरुस्त केलेले गाव अजून लाल का, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

हे सगळे गिटहबच्या ॲक्शन्स (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) आणि पेजेसवर (वेबपान ठेवण्याची सोय) फुकट बसते. तिथली क्रॉनची (वेळापत्रकाची) वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते: २०:४७ म्हणजे आपले पहाटेचे २:१७. तासाच्या ठोक्यावरची वेळ टाळा, तेव्हा रांग लागते. सार्वजनिक रेपोत (प्रकल्पाच्या फाइलसाठ्यात) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद पडते, हे वर्षभर टूल चालवणाऱ्याने लक्षात ठेवावेच.

अक्षांश_आधी
जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा ठेवण्याच्या स्वरूपात) रेखांश आधी, लीफलेटमध्ये अक्षांश आधी. अदलाबदल झाली तर साताऱ्याची गावे नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटाजवळच्या समुद्रात दिसतात. दशांशानंतर पाचच आकडे ठेवा. अचूकता साधारण एक मीटर राहते आणि फाइल हलकी होते. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत, तेव्हा साधे मार्कर टाकू नका. लीफलेटचा ‘प्रिफर कॅनव्हास’ पर्याय (ठिपके एकाच चित्रात काढणारा) चालू करून सर्कल मार्कर वापरा.

कऱ्हाडचा घोळ युनिकोडचा आहे. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. एनएफसी (युनिकोडचे प्रमाणीकरण) केल्याने हे दोन एक होत नाहीत. शोधासाठी वेगळा रकाना करा. त्यात आधी दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करा, मग उरलेले जॉइनर काढा. वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करा. मूळ नावाला हात लावू नका.

माणगंगा_नकाशे
आभार, रात्रीच्या स्क्रिप्टला लागतो. लाल ठिपक्यांची मराठी नावे रोमन नावांवरून आपोआप भरली तर?

टाइलघर
कृपया नको. रोमन लिपीत ल-ळ आणि अ-आ यांतला फरकच उरत नाही. Kale ऐवजी काय लिहाल? कराड तालुक्यातले ते काले, पन्हाळ्यातले कळे. शिवाय घाऊक यांत्रिक बदल करण्याआधी समुदायाशी चर्चा करावी असा ओपनस्ट्रीटमॅपचा नियम आहे, आणि गुगल मॅप्सवरून नावे उतरवणे परवान्यात बसत नाही. त्यापेक्षा लाल ठिपक्याच्या पॉपअपमध्ये त्या नोंदीच्या संपादनाचा दुवा द्या, म्हणजे गाव ठाऊक असलेला माणूस तिथल्या तिथे नाव लिहू शकेल.