काकांची जुनी स्ट्रॅट गिटार विकायचीय, आधी रंग मारून घेऊ का?

सहा_तारा:
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या काकांची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) विकायची आहे. काका गिरगावात असताना ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपतीत तर रोज रात्री कुठे ना कुठे प्रोग्राम असायचा, त्यामुळे गिटार भरपूर वापरलेली आहे. आता संधिवाताने बोटं वळत नाहीत, तेच म्हणाले कपाटात ठेवून काय करायचं, वाजवणाऱ्याच्या हातात जाऊ दे. हेडस्टॉक (खुंट्या असतात तो शेंडा) मोठा आहे, त्यावर एस८ ने सुरू होणारा नंबर, नेकला (दांड्याला) मागून तीन स्क्रू, फिंगरबोर्ड रोझवुडचा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तारांचे खड्डे पडलेत, मागची बाजू बेल्टच्या बकलने खरवडलीय, कडांचे टवके गेलेत, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) गंजलेत, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. मधला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बदललेला आहे, जुना डब्यात आहे पण वाजत नाही. एक दुकानदार म्हणतो रंग, फ्रेट, ब्रिज सगळं नवीन करा तरच गिऱ्हाईक मिळेल, नाहीतर आहे तशी ४० हजारात मला द्या. काय करू?

जुना_ॲम्प:
रंग अजिबात मारू नका!! जुन्या गिटारला किंमत असते ती मूळ फिनिशला, एकदा घासून रंगवली की साधारण निम्मी किंमत जाते आणि ती परत येत नाही. टवके, बकलचे ओरखडे तसेच राहू द्या, मऊ फडक्याने पुसा, बस.

तुम्ही सांगताय त्यावरून १९७८ च्या आसपासची अमेरिकन स्ट्रॅट वाटते, सीबीएसच्या काळातली (सीबीएस या अमेरिकन कंपनीने १९६५ ला फेंडर घेतली आणि १९८५ ला विकली). पण नुसत्या नंबरावर जाऊ नका, तो फक्त हेडस्टॉकवरचा स्टिकर असतो आणि तसे स्टिकर विकत मिळतात. तारा सैल करून पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी) उघडा, आत पॉट्सवर (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) आकडे असतात, १३७ ने सुरू होणारे असतील तर ते सीटीएस कंपनीचे आणि पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा असतो. म्हणजे १३७७८१५ म्हणजे ७८ सालचा १५ वा आठवडा. ३०४ ने सुरू होत असेल तरी घाबरू नका, तो दुसऱ्या कंपनीचा पॉट, तोही त्या काळात वापरायचे. या सगळ्याचे स्पष्ट फोटो काढा, सोल्डरिंगचे तर नक्कीच, जाणकार माणूस आधी तेच मागतो. आत कुठेही सोल्डरिंग आयर्न लावू नका.

एक अजून, त्या काळचं फिनिश जाड पॉलिएस्टर असतं, ते झिजत नाही तर कवचासारखं टवकन उडतं. तुमच्याकडे टवके आहेत म्हणजे ते काळाशी जुळतंय, ही चांगली गोष्ट आहे.

सहा_तारा:
धन्यवाद, रंगाचा विषय बंद. पण खरखर आणि फ्रेटचं काय? आणि मेलेला पिकअप फेकून देऊ का?

पाचवी_पट्टी:
फेकू नका हो!! तो मूळ पिकअप आहे, बहुतेक आतली बारीक तार तुटली असेल, रिवाइंड होतो (तार नव्याने गुंडाळता येते). गिटारसोबतच द्या, जुने स्क्रू, ट्रेमोलोची दांडी, केस, काकांकडे पावती असेल तर तीही. खरखर असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा, पॉट बदलू नका. सॅडलसुद्धा बदलू नका, मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजणारच ते. फ्रेट मी तरी तसेच ठेवेन, वाजवणाऱ्याला कोणते हवेत ते तो ठरवेल, तुम्ही फक्त जाहिरातीत लिहा की रिफ्रेट (नवीन फ्रेट बसवणं) लागेल. मधला पिकअप मूळ नाही हेही पहिल्याच ओळीत लिहा. लपवलेलं एकही निघालं की गिऱ्हाईकाचा उरलेल्यावरचा विश्वास पण जातो.

तीन स्क्रूवाल्या नेकबद्दल सगळे विचारतील की बॉडीच्या खाचेत हलतो का. हात लावून बघा, पहिली आणि सहावी तार बोर्डाच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघा. नेक घट्ट असेल तर छोटा व्हिडिओ टाका, त्याने घासाघीस बरीच कमी होते.

जुना_ॲम्प:
किमतीसाठी रिव्हर्ब या वाद्यविक्रीच्या साइटवर विकल्या गेलेल्यांचे भाव बघा, मागितलेले नाही. मागायला कोणी काहीही मागतं. ४० हजारात तर देऊच नका, एवढं मी ठामपणे सांगतो. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर रोझवुडमुळे आधी कस्टम्सच्या माणसाला विचारा, २०१९ पासून तयार वाद्यांना सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) नियमात सूट आहे (ब्राझीलच्या रोझवुडला नाही), पण आपल्याकडचे निर्यातीचे नियम वेगळे. मला विचाराल तर मुंबई-पुण्यातच विका, घरी बोलवा, ॲम्पला लावून तासभर वाजवू द्या. काकांनाही बसवा समोर, कुठे कुठे वाजवली ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं वाजवणाऱ्या माणसाला फार मोलाचं असतं.

पाचवी_पट्टी:
आणि कुरिअरने पाठवायची वेळ आलीच तर तारा थोड्या सैल करा, केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना फडकी ठासून भरा, गिटार आत जराही हलता कामा नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पिकगार्डचे फोटो इथे टाका ना, पॉटचे आकडे मिळून वाचू.