जस्तवाला (झिंकवाला) भात आणा म्हणे! मग आमची दादर ज्वारी कुठं जाणार?

दादरवाले आप्पा, अमळनेर

परवा 'पोषणमित्र' यांनी इथं लिहिलं की नंदुरबार-धुळ्याच्या कुपोषणावर तोडगा तयार आहे. जस्त जास्त असलेले भाताचे वाण पेरा, तोच तांदूळ रेशनवर द्या, आणि 'खान्देशानं भाकरीचे गोडवे गाणं आता पुरे करावं.' शेवटचं वाक्य झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

भात आमचा होता कधी? नवापूरचा पट्टा सोडला तर भात म्हणजे सणाला नाहीतर पाहुणा आला की. रोज दादरची, बाजरीची, हिवाळ्यात कळण्याची भाकरी. रेशनवर अंत्योदय कार्डाला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, महिन्याला ३५ किलो, बाकीच्यांना माणशी ५ किलो, तेही बहुतेक गहू-तांदूळच. २०२३ पासून तर फुकट. दारात फुकट तांदूळ आल्यावर ज्वारीच्या राखणीला शेतात कोण बसणार? आधी लोकांना भातावर आणायचं, मग त्यात काही नाही म्हणून संशोधन करायचं, असा हा उफराटा कारभार.

आकडेही घ्या. साध्या पॉलिश तांदळात जस्त १२ ते १६ पीपीएम, म्हणजे किलोमागे तेवढे मिलिग्रॅम. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये दिलेल्या डीआरआर धान ४५ या वाणात २२.६. छान. पण परभणी शक्ती ज्वारीत जस्त ३२ आणि लोह ४५. फुले महाशक्ती बाजरीत लोह ८७. बाजरीवर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात वर्षानुवर्षं काम चालू आहे, मग तोडगा शोधायला हैदराबादला कशाला?

पोषणमित्र

आप्पा, झोंबलं ते बरं झालं, निदान आकडे तरी काढलेत. पण दाण्यात किती यापेक्षा अंगाला किती लागतं हे बघावं लागतं. बाजरी-ज्वारीत फायटेट नावाचं दाण्यातलंच एक द्रव्य भरपूर, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. ८७ मधलं बरंचसं जसं आलं तसं बाहेर जातं.

भातात जस्तावरच भर का, तेही सांगतो. लोह दाण्याच्या वरच्या थरात असतं, मिलमध्ये पॉलिश झालं की कोंड्यात गेलं. जस्त आतल्या गाभ्यातही पसरलेलं असतं, म्हणून पांढऱ्या तांदळातही टिकतं. फिलिपिन्समध्ये कॉन्व्हेंटमधल्या नन्सना नऊ महिने जास्त लोहाचा भात खायला घालून पाहिला होता. शरीरातला लोहाचा साठा थोडा वाढला, हिमोग्लोबिन काही हललं नाही. म्हणून निवड पद्धतीनं वाण काढणारे जस्ताच्या मागे लागले.

आणि पोरं आज भातच खातायत. अंगणवाडीत खिचडी, शाळेत खिचडी. वाण बदलला तर चव तीच, सवय कुणालाच बदलावी लागत नाही. तुमची ज्वारी परत येईपर्यंत या पोरांनी थांबायचं का?

कपाशीवाला

हे सगळं मी ऐकलेलं आहे. २००२ ला बीटी कपाशी आली तेव्हा हीच भाषा होती. बोंडअळी संपली म्हणे! २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं हिरवी बोंडं आतून पोखरली, माझ्या शेतातल्या बोंडांत कापूस कमी आणि अळ्या जास्त. बियाण्याचं पाकीट मात्र दरवर्षी विकत घ्यावंच लागलं. आता तांदळात काय घुसवताय? तो पिवळा भातही असाच आणणार होते ना?

पोषणमित्र

कपाशीवाले, तुमचं दुखणं खरं आहे, पत्ता चुकला. डीआरआर धान ४५ मध्ये बीटीसारखा बाहेरचा जनुक नाही, साध्या संकरातून निघालेला वाण आहे. बियाणं घरचं ठेवा, दरवर्षी पाकीट घ्यावं लागत नाही. तुमचा पिवळा भात म्हणजे गोल्डन राईस, तो वेगळा; त्यात बाहेरचा जनुक आहे, अ-जीवनसत्त्वासाठी. २००० पासून गाजतोय, फिलिपिन्सनं २०२१ मध्ये परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं थांबवला.

कपाशीवाला

न्यायालयानं थांबवला म्हणजे काहीतरी असेलच. मला शिकवू नका.

भाकरीवाली, भडगाव

आप्पा, दादरनी भाकर तुमले गोड लागस, पन थापस कोन?

एवढं लिहिलंत, त्यात चूल कुठंच नाही. ज्वारी निवडा, गिरणीत न्या, लाईट नसेल तर पिशवी तिथंच ठेवून या. पाणी उकळून पिठात ओता, मळताना तळहात भाजतात. जुनी ज्वारी असेल तर भाकरी कडेला चिरते, मग सासूबाईंचं तोंड. सकाळी शेतात निंदायला जायचं असलेल्या बाईनं आठ माणसांच्या भाकरी कधी थापायच्या? कुकरला भात लावला की तीन शिट्ट्यांत मोकळी. खान्देशात भात रेशननं आणला असेल, ठेवून घेतला आम्ही.

दादरवाले आप्पा

ताई, माझ्या आईनं जन्मभर थापल्या, तक्रार केली नाही.

भाकरीवाली, भडगाव

तुम्ही विचारलं होतं का कधी?

शिरपूरकर

👏👏 आप्पा, आजपासून परात तुमच्याकडे.

दादरवाले आप्पा

विषय कुपोषणाचा आहे. परातीवर कुठं नेता? बचत गटाला भाकरीचं यंत्र द्या, प्रश्न सुटला.

भाकरीवाली, भडगाव

आमच्या गटाला मिळालं होतं. लाईट सिंगल फेज, यंत्राला थ्री फेज. त्यावर आता वह्या ठेवतो. आणि बाजरीचं पीठ दळून चार दिवस ठेवलं की कडू होतं, हे तुमच्या संशोधकांना माहीत आहे का? रेशनवर बाजरी दिली तरी रोज गिरणी आलीच.

पोषणमित्र

माहीत आहे. बाजरीत तेल जास्त, दळल्यावर ते खवट होतं. ताईंनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं.

भाकरीवाली, भडगाव

तुमच्या बाजूनं नाही बोलले मी. भाताबरोबर पोराला द्यायला डाळ परवडत नाही, अंडं आठवड्यातून एखादं. नुसत्या जस्तानं काय होणार?

धडगावची आशा सेविका

इकडं वेगळंच आहे. रेशनच्या तांदळात मध्यंतरी लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे येऊ लागले. तांदळाच्या पिठात ही पोषकद्रव्यं मिसळून यंत्रातून काढलेले, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. बाया तांदूळ सुपात घेतात आणि ते दाणे एकेक करून वेचून कोंबड्यांना टाकतात. म्हणतात, प्लास्टिक आहे, पाण्यावर तरंगतं. मी स्वतः समोर शिजवून खाऊन दाखवते, तेव्हा दोन-चार घरं ऐकतात.

शिवाय आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आधी पिशवीवर छापलेलं असायचं की सिकलसेलवाल्यांनी लोहयुक्त धान्य खाऊ नये. मग सांगितलं, तसा पुरावा नाही, २०२४ ला ती सूचनाच काढली. आता मी घरोघरी काय सांगू? एका वर्षी नको, दुसऱ्या वर्षी चालेल. म्हणून मला तो वाणातलाच जस्ताचा भात बरा वाटतो, वेचून फेकता तरी येणार नाही.

दादरवाले आप्पा

आशाताईंचं ऐकून घेतो, त्या रोज त्या घरांत जातात. पोषणमित्रांसारखं वातानुकूलित खोलीतून नाही.

पोषणमित्र

माझ्या खोलीत पंखासुद्धा करकरतो, पण असो. फायटेटबद्दल एक जोडायला हवं होतं, ते आता जोडतो. धनशक्ती या जास्त लोहाच्या बाजरीवर महाराष्ट्रात शाळकरी मुलांवर अभ्यास झालाय आणि त्यांच्या लोहाच्या साठ्यात सुधारणा दिसली. म्हणजे आप्पांची बाजरी अगदीच वाया जात नाही. खूश?

दादरवाले आप्पा

हे आधी का नाही लिहिलंत?

पोषणमित्र

तुम्ही आधी 'उफराटा कारभार' म्हणालात म्हणून.

दादरवाले आप्पा

बरं. धडगाव-अक्कलकुव्यात जस्ताचा तांदूळ येऊ द्या, मी मोर्चा काढणार नाही. पण संकरित ज्वारीला २०२४-२५ मध्ये क्विंटलला ३,३७१ रुपये हमीभाव होता, तो प्रत्यक्षात कुणाच्या हातात पडला ते सांगा. खरेदी केंद्र उघडेपर्यंत व्यापाऱ्यानं माल उचललेला असतो. ती ज्वारी सरकारनं घेऊन इथंच रेशनवर द्यावी.

कपाशीवाला

कापसाचंही तेच. केंद्र कधी उघडतं ते मला विचारा.

भाकरीवाली, भडगाव

ज्वारी द्या, पण दळून द्या. आणि यंत्राला थ्री फेज.