गुन्हेगार सगळ्या गावाला ठाऊक असतो, मग रहस्य कुठे असतं? (अनुभव धागा)

रहस्यकथा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. नदीत सोडलेलं रसायन, डोंगर पोखरणारी खाण, रातोरात तुटलेली झाडं हे विषय रहस्यकथांत आलेले मला मनापासून आवडतात. पण कथा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. ‘हे कुणी केलं’ हे लेखक शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवतो, आणि खऱ्या वादात ते पहिल्या दिवशीच चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. ते सिद्ध कोण करणार, कशाच्या जोरावर, आणि तोवर साक्षीदार टिकणार का, हा खरा पेच. या कथांची उत्कंठा तिथेच असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही अशा वादाजवळ राहिला असाल, त्यात काम केलं असेल किंवा त्यावर कथा लिहीत असाल, तर जे पाहिलंत ते लिहा. आपल्या तक्रारीतल्या कंपन्यांची, माणसांची नावं मात्र नकोत.

दाभोळ खाडीकाठ

आमचं घर मासेमारीवरचं. वरून घाण पाणी सुटलं की आधी खेकडे वर येतात. पाण्यात जीव गुदमरायला लागला की ते चिखलातून काठावर चढून बसतात, हाताने उचलावेत इतके. नवख्याला वाटतं, आज चांगलं मिळालं. आमची आजी मात्र ते बघितलं की जाळं गुंडाळून ठेवायला सांगायची. दुसऱ्या दिवशी बोय, शेंगटी, काळुंदर सगळे पोट वर करून.

असा सुगावा मला कुठल्या कथेत भेटलेला नाही. कथेतलं विषारी पाणी नेहमी हिरवं नाहीतर फेसाळ. आमच्याकडे कित्येकदा ते दिसायला साधंच असतं. वेळही बघा: पहिला मोठा पाऊस, नाहीतर अमावस्या-पौर्णिमेचं उधाण. सकाळपर्यंत सगळं वाहून गेलेलं. पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा चिखल आणि वास एवढंच उरतं. मी कथा लिहिली तर तपास करणाऱ्याला भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तिथींवरून धागा लागेल.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून

वरच्या अनुभवाला जोडून लिहिते. कथेतला पत्रकार रात्री बाटली भरून आणतो, प्रयोगशाळा लगेच ‘विष’ म्हणून सांगते आणि खलनायक अडकतो. प्रत्यक्षात जे होतं ते याहून कितीतरी थरारक आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते दिलंय. अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस द्यायची, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्यालाच बोलावून पुरावा गोळा करायचा! ही रीत मोडली तर त्या नमुन्याचा अहवाल खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. एक सही राहिली, की प्रकरण गेलं.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन तर जागेवरच ‘फिक्स’ करावा लागतो, म्हणजे पुढे बदलणार नाही असा बांधून ठेवावा लागतो. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढरा. काठावर उभं राहून तो पांढरा साका बघितला की अहवाल यायच्या आधीच कळतं, या पाण्यात मासा जगायचा नाही. पण हे तोंडाने सांगून भागत नाही, आकडा लागतो. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायची बाटली २७ अंशांवर ३ दिवस ठेवावी लागते. त्या ३ दिवसांत फोन सुरू होतात. कुणी ओळख काढतं, कुणी नुसतंच ‘कसं चाललंय’ विचारतं. लेखकांनो, हे ३ दिवस लिहा. पाठलाग आणि गोळीबार नसला तरी चालेल.

अनुवादक, रत्नागिरी

प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तसलं मराठी करण्याचं काम माझ्याकडे येतं. आमच्याच जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं दाखवली होती. कोकणात! मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला निघाला. ते काम माझ्याकडचं नव्हतं, पण ती हकीकत कळल्यापासून मी कुठल्याही अहवालात आधी झाडांची यादी वाचते. सड्याला, म्हणजे आमच्या कातळाच्या पठाराला ‘पडीक जमीन’ म्हटलेलं तर नेहमीचंच. त्याच कातळावर पावसाळ्यात आधी दीपकाडी फुलते, मग सीतेची आसवं. अहवालासाठी पाहणी एप्रिलमध्ये केली तर यातलं काहीच दिसणार नाही, आणि कागदावर कुणी खोटंही बोललेलं नसेल.

माझ्या मनातल्या कथेत पहिला संशय अनुवादकालाच येतो. तो जाडजूड अहवाल शेवटपर्यंत वाचणारं माणूस बहुधा तेवढंच एक असतं.

पशुवैद्य, मराठवाडा

धागाकर्त्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं. गिधाडांचं बघा. १९९० च्या दशकात ती नाहीशी होऊ लागली तेव्हा टपरीवर काय, विद्यापीठातसुद्धा कुणाला काही ठाऊक नव्हतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी घट नोंदवली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालले. मेलेला पक्षी उघडला की आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर. तो यूरिक ॲसिडचा, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. शेवटी २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांच्या अभ्यासातून कारण दाखवून दिलं: डायक्लोफेनॅक.

लंगडणाऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून टोचायचं साधं औषध. बैल मेला तर गिधाडं खायची आणि मरायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १५ वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेची करावी लागली.

औषध आमच्या धंद्यात सगळ्यांच्या बॅगेत असायचं, आणि देणाऱ्याच्या मनात दयाच होती. अशी रहस्यकथा लिहायला धाडस लागेल, कारण शेवटी वाचकाला चिडायला माणूसच मिळत नाही. मला ती वाचायची आहे.

कुडचडे, गोवा

२०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमच्याकडचं मायनिंग थांबवलं. दारावरून जाणारे ट्रक बंद झाले. तुळशीच्या पानावरची लाल धूळ गेली, आणि त्याच महिन्यात काकांच्या ट्रकचा हप्ता थकला. आजोबांचं भातशेत खाणीच्या गाळाने गेलेलं, आणि काका त्याच खाणीचा माल बार्जपर्यंत पोचवून घर चालवायचे. दोघंही रात्री एकाच पंगतीला जेवायला बसत. पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हाही घरात पुन्हा तेच.

मी लिहीत असलेल्या कथेत सगळा पुरावा एका ट्रकमालकाकडे आहे. त्याच्या पत्र्याच्या पेटीत ट्रिपांच्या पावत्या आहेत. त्यांची बेरीज केली की परवान्यापेक्षा किती माल जास्त गेला ते उघड होतं. त्या पावत्या तो देईल की जाळेल, इथे मी अडकले आहे. कुणी काही सुचवेल का?

धागाकर्ता

पशुवैद्यांचं म्हणणं मान्य. गिधाडांची कथा वेगळीच आहे आणि ती कुणीतरी खरंच लिहायला हवी.

गोव्याच्या ताईंना मी जपानमधल्या मिनामाताचं, कारखान्याच्या पाऱ्याने झालेल्या विषबाधेचं प्रकरण वाचायला सुचवेन. तिथल्या कारखान्याच्या रुग्णालयातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनीच १९५६ मध्ये त्या अनोळखी आजाराची खबर आरोग्य खात्याला दिली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या अन्नात घालून पाहिलं आणि ४०० क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणं दिसली. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. पारा १९६८ पर्यंत समुद्रात जातच राहिला. होसोकावा न्यायालयासाठी बोलले ते १९७० मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, रुग्णालयातल्या खाटेवरून.

म्हणून मला वाटतं, तुमच्या ट्रकमालकाने पावत्या लगेच देऊही नयेत आणि जाळूही नयेत. त्या पेटीची किल्ली कुणाकडे असते, चतुर्थीच्या साफसफाईत ती कुठे हलवली जाते, बायकोला काय माहीत आहे, यावर कथा चालू द्या. आणि त्या प्रत्येक वर्षी आजोबांच्या शेतात किती गाळ साचला, तेही सोबत येऊ द्या.

जनसुनावणीत उभं राहून बोललेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. माइक कुणाच्या हातात होता, इतिवृत्तात तुमचं म्हणणं कसं उतरलं, हे सगळं सविस्तर हवं आहे.