अनुभव धागा: कमी खर्चात घराला लाकडी केबिनचा लूक

नागपूरची हवा लाकडाला सोपी नाही. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, घरात कूलरचा दमटपणा असतो आणि लगेच मागून पावसाळा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी साहित्य, मापं आणि काम कुठे बिघडतं ते लिहावं. नावाऐवजी शहरातला आपला भाग टाका.

मानेवाडा
हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांकडून पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) घेऊन राहिले असाल तर आधी शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नकोच. पट्ट्या पहारीने उचकटल्या की खिळ्यापाशी चिरतात, म्हणून फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळेच कापा. मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. त्यापुढे घासू नका, रांगडेपणा जातो. भिंतीवर १ इंची बॅटन (आधाराच्या लाकडी पट्ट्या) दर १६ इंचांवर प्लास्टिकच्या गिट्टी-स्क्रूने बसवा आणि पट्ट्या त्यावर. दोन पट्ट्यांत २ मिमी फट हवीच. उन्हाळ्यात एकमेकींना चिकटवून ठोकलेल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये फुगतात आणि जागा नसली की उचलल्या जातात. वर-खाली अर्धा इंच मोकळं ठेवा, मागून हवा खेळते. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र हे करूच नका.

महाल
माझं मत जुन्या सागवानाला. वाडे पाडले की चौकटी, तुळया, फळ्या निघतात. लाकूड मुरलेलं, वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. भिंतीत गाडलेलं टोक ठोकून बघा. पोकळ वाजलं तर वाळवी. रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा, आत तुटलेला एक खिळा पातं खराब करतो.

प्रतापनगर
वरच्या दोघांनी पॉलिशचं लिहिलं नाही. चकचकीत मेलामाइन पॉलिशने सगळी मजा जाते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं ते घ्या. खाण्याचं जवस तेल वाळायला फार वेळ घेतं. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, २० मिनिटांनी वरचं तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसायचं. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. पुढचा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच.
आणि हे नीट वाचा: तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा मोकळ्यावर एकेक पसरा.

सक्करदरा
बांबू सर्वांत स्वस्त, पण त्यातल्या स्टार्चवर भुंगा येतो. खाली पिवळसर भुकटी पडली की समजा लागला. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, गाठी आतून सळईने फोडून आठवडाभर बुडवा, मग सावलीत वाळवा. मुलं आणि जनावरं त्या पाण्यापासून दूर. बाल्कनीत उपयोग नाही, पावसाने औषध धुऊन जातं.

धरमपेठ
उरलेल्या भिंतींना चुना. प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, खरवडून प्लास्टरपर्यंत जा. भिंत भिजवून तीन पातळ हात, त्यात चिमूट-चिमूट पिवडी किंवा गेरू. ओला असताना रंग गडद दिसतो म्हणून आधी कोपऱ्यात वाळवून बघा. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे.

मानेवाडा
एक राहिलं. लाकडी भिंत कूलरच्या थेट झोतात नको. तेवढाच पट्टा फुगतो आणि काळा पडतो.