'निमवैद्यकीय'ला पर्याय हवा आहे

भाषांतरवाली : एका जिल्हा रुग्णालयासाठी छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब आणि फार्मसीची मंडळी, आशाताई असे सगळे एकत्र बसून रुग्णांविषयी चर्चा करतात, त्या बैठकीत एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम आहेत. मूळ मजकुरात 'इन्क्लुझिव्ह' पावलोपावली येतो. 'सर्वसमावेशक भाषा वापरा' असं लिहिलं, पण ते वाचून नेमकं करायचं काय, हे कुणालाच कळणार नाही. दुसरी अडचण 'पॅरामेडिकल'ची. सरकारी जाहिरातींत असतं म्हणून मी 'निमवैद्यकीय कर्मचारी' लिहिलं. मसुदा वाचताना लॅबमधल्या बाईंनी त्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, "आम्ही निम्मे, मग पुरे कोण?" मला त्यांचं पटतं. दोन्हींना पर्याय सुचवा.

गोदाकाठ : 'निम' हे 'निम्न'चंच रूप असणार. वरचे आणि खालचे ही उतरंड त्या शब्दातच आहे. काढून टाका.

कोशवाचक : 'निम्न'शी काही संबंध नाही. फारसी 'नीम' म्हणजे अर्धा. निमगोरा, निमशहरी, निमसरकारी यांतला तोच. निमसरकारी नोकरीत कुणाला कमीपणा वाटल्याचं ऐकलं नाही. राग येतो तो वागणुकीचा, आणि फटका शब्दाला बसतो.

गोदाकाठ : 'नीमहकीम' म्हणजे अर्धवट वैद्य, त्यातलाही तोच ना? दवाखान्यात काम करणाऱ्याच्या कानाला निमसरकारी आठवत नाही, नीमहकीमच आठवतो. शिवाय फारसी असेल तर ठेवायचा कशाला? फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा शिवकालीन राजव्यवहारकोश आपल्याकडेच झाला. 'सहवैद्यकीय' म्हणा.

कोशवाचक : मग 'दवाखाना'ही सोडा. 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आलं, तेही सोडा. 'सहवैद्यकीय' मला चालेल, पण शुद्धतेसाठी नको. 'सह' म्हटल्यावर माणूस शेजारी बसतो, एवढ्यासाठी चालेल.

माळरान : माझे वडील कुष्ठरोगाच्या कामात होते. पदनाम 'अवैद्यकीय सहाय्यक'. सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालायचे. माणसाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर बॉलपेनचं टोक हलकंच टेकवायचे, टेकलं तिथे बोट ठेवायला सांगायचे. बोट चुकलं, म्हणजे चट्टा बधिर, की नाव वहीत. संशयित रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचायचा तो या वहीतून. त्या माणसाच्या पदनामात 'अ'! निम काय, अवैद्यकीय काय, आणि आरोग्य व्यवसायांबाबतच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यातलं 'अलाइड' म्हणजे 'संलग्न' काय, मोजपट्टी प्रत्येक वेळी डॉक्टरच. लॅब टेक्निशियन संलग्न कुणाला? एक गठ्ठा शब्द शोधूच नका. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माता अशी नावं लिहा. दोन ओळी वाढतील, वाढू द्या.

भाषांतरवाली : हजेरीपत्रकाचा नमुनाही त्या पुस्तिकेत आहे. वर डॉक्टरांची नावं पदव्यांसकट, आणि तळाला नुसतं 'निमवैद्यकीय – ९'. तिथे नावं घालायला मी सांगणारच आहे. पण वाक्यात कुठेतरी एकत्रित शब्द लागतोच.

निवृत्त परिसेविका : 'आरोग्यकर्मी' लिहा. डॉक्टरही त्यात येतात आणि झाडणारेही. आमच्या वॉर्डात हे प्रश्न शब्दकोशाविना सुटायचे. वॉर्डबॉय तो मामा, आया ती मावशी. नव्या इंटर्नला पहिल्याच दिवशी बजावायचे, मावशींना अरेतुरे केलेलं चालणार नाही. कुणालाही परकं न वाटू देणारी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

रात्रपाळी : आदर आहे, पण पटत नाही. पंचविशीतल्या मुलीला पन्नाशीचे सर्जन मावशी म्हणतात. वर्षानुवर्षं काम करून तिचं आडनाव कुणाला ठाऊक नसतं. केसपेपरवर डॉक्टरांची सही नावानिशी, आणि रात्री दोनला पेशंटचा श्वास बिघडलेला जिने पहिल्यांदा पाहिला ती 'मावशींनी सांगितलं' एवढीच. नातं जोडायचं तर डॉक्टरांनाही काका म्हणा की!

निवृत्त परिसेविका : नाव विचारायला मावशी हा शब्द आडवा येत नाही. मी त्यांची नावं, गावं, मुलांच्या शाळासुद्धा जाणत होते. 'अहो अमुकबाई' म्हणून तोडून बोलणारेही खूप पाहिलेत.

दक्षिणवारा : आमच्या पुतण्याच्या नेमणूकपत्रावर पदनाम 'अधिपरिचारिका', म्हणजे स्टाफ नर्स. मिशा असलेला सहा फुटी मुलगा. बैठकीत 'सर्व परिचारिका भगिनींनो' म्हणून सुरुवात होते तेव्हा तो खाली बघत बसतो. केंद्राने 'स्टाफ नर्स'चं 'नर्सिंग ऑफिसर' करून हा गुंता सोडवला. आपल्याकडे 'परिचर्या अधिकारी' का रुळू नये?

कोशवाचक : 'अधिपरिचारक' आहे की.

दक्षिणवारा : आहे, पण स्त्री-पुरुष एकत्र बसल्यावर हाक कोणती मारणार? 'परिचर' म्हणावं तर तो शिपाई समजला जातो.

माळरान : मूळ प्रश्नातल्या 'इन्क्लुझिव्ह'कडे कुणी वळलंच नाही. त्याला विशेषण शोधू नये, क्रियापदं वापरावीत. 'रुग्ण ज्याने पाहिला त्याला आधी बोलू द्या. मधेच तोडू नका. आशाताईंनी घरची परिस्थिती सांगितली तर ती नोंदवा.'

गोदाकाठ : हे भाषांतर राहिलं नाही, नवीन लेखन झालं. 'समावेशी' चालेल.

कोशवाचक : 'समावेशी' हिंदीतून आलं. शिक्षण खात्यात आपल्याकडे 'समावेशित' म्हणतात.

रात्रपाळी : 'समावेशित' म्हणजे ज्याला आत घेतलं तो. आत घेणारा कोण, हा लॅबच्या बाईंचाच प्रश्न पुन्हा आला.

भाषांतरवाली : 'आरोग्यकर्मी' आणि माळरान यांची क्रियापदं घेऊन मसुदा परत पाठवते आहे. 'भगिनींनो'चं काय करू, ते सांगा.

निवृत्त परिसेविका : 'सहकाऱ्यांनो'.

दक्षिणवारा : त्यात बायका येतात का, यावर आता वेगळा धागा काढावा लागेल.